अजिंठ्याच्या नकला

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलानें पुस्तकांतील चित्र हुबेहूब उतरविलें होतें. "ही नक्कल झाली, कला नव्हे," असें म्हणून मीं तो कागद फाडला. पुढें अजिंठ्याचा इतिहास वाचतांना त्या कागदाची मला वारंवार आठवण झाली.

इ. स. १८१९ सालीं तीं लेणीं पुन्हा उजेडांत आलीं. १८४४ पासून मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल यांनीं तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करण्यांत वर्षानुवर्षें खर्चिलीं. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत भस्मसात् झाल्या. १८७२ मध्यें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह त्याच कामास लागले. त्यांच्याही कित्येक प्रती १८८५ सालीं लंडनांतच जळाल्या. तरीही १९०९ च्या हिवाळ्यांत क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्त्री तेथें आली, आणि नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण तिच्या साहाय्यास आले.

१९१६ सालीं रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून जपानचे अराई काम्पो कलकत्त्यास आले. बंगाली चित्रकारांना त्यांनीं जपानी कुंचल्याचें तंत्र शिकविलें, आणि मग स्वतः अजिंठ्याच्या भिंतीपुढें शिष्य होऊन बसले. त्या प्रतींचाही १९२३ च्या टोकियोंतील भूकंपानें घास घेतला.

मग हे सारे श्रम व्यर्थच काय? मला तसें वाटत नाहीं. रेषा जेथें वळली तेथें नकलकारासही हात वळवावा लागतो. मूळ चित्रकार कोठें थबकला, कोठें निःशंकपणें पुढें गेला, हें त्या हातासच कळतें. इंग्रज, बंगाली, पारशी, जपानी अशा भिन्न भाषा बोलणाऱ्या माणसांचा त्या अनामिक कारागिरांशीं असा परिचय झाला. कागद जळाले, परंतु हातांनीं मिळविलेली ही ओळख जळाली नाहीं.

याच अराईंनीं १९४० पासून जपानांतील होर्यूजी मंदिराच्या बौद्ध भित्तिचित्रांच्या प्रती करण्यांत भाग घेतला. काम अपुरें असतांनाच १९४५ सालीं ते वारले. १९४९ मध्यें त्या मंदिरास आग लागून मूळ चित्रांची अपरिमित हानि झाली. अजिंठ्यास मूळ उरलें आणि नकला गेल्या. तेथें मूळ करपलें आणि नकला उरल्या.

आपल्या घरीं एखादें मूल चित्र गिरवीत बसलें असेल, तर त्यास बसूं द्यावें. मला मात्र तो फाडलेला कागद आतां जोडतां येत नाहीं.