सालईचे ऋण

देवापुढे धूप जाळताना तो कोणत्या वृक्षाचा डिंक आहे, असा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. वैद्यकग्रंथांनी जिला शल्लकी म्हटले, ती सालई बऱ्हाणपूरभोवतीच्या सातपुड्यात, खडकाळ उतारांवर, साग, अंजन आणि धावडा यांच्या सोबतीने वाढते. तिच्या सालीस चीर दिली की सुगंधी डिंक पाझरतो. सागासारखे तिचे लाकूड इमारतीस टिकत नाही. म्हणून लाकडाच्या बाजारात तिला फारसा मान नव्हता.

तो मान तिला स्वातंत्र्यानंतर लाभला. वृत्तपत्रांचा कागद तेव्हा परदेशांतून येई. ही उणीव भरून काढण्यासाठी नेपानगर येथे देशातील पहिली वृत्तपत्री कागदाची गिरणी उभारण्यात आली. १९५५ साली उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती राष्ट्रास अर्पण केली. तिचा लगदा सालईचा व बांबूचा असे. पुढे गिरणी रद्दी कागदाकडे वळली. पण एका पिढीने देशाची वार्ता सातपुड्याच्या लाकडावर वाचली, हे खरे.

गिरणीला सालईचे खोड हवे होते; कोरकू आणि भिल्लांना तिचा डिंक. तोडलेले झाड एकदाच दाम देते. जपून चिरलेले झाड वर्षानुवर्षे देत राहते. तथापि या दुसऱ्या उपयोगाला कायद्याचे पाठबळ नव्हते. १८७८ च्या वनकायद्याप्रमाणे राखीव वन ठरविताना, मुदतीत दावा न मांडलेला हक्क सामान्यतः नष्ट होई. ज्यास सरकारी जाहीरनामा वाचता येत नव्हता, त्याने दावा कोठून मांडावा? वाडवडिलांपासूनची वहिवाट अशा रीतीने अधिकाऱ्याच्या मर्जीवरची सवलत झाली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय आपल्या प्रास्ताविकेतच मान्य केला आणि गौण वनोपजावर वनवासीयांची मालकी लिहून दिली. परंतु कागदावरील मालकी रानात पोहोचली नाही, तर झाड राखण्यात कोणाचेच हित उरत नाही. २०२२-२३ साली नेपानगर परिसरात अतिक्रमणासाठी मोठी वृक्षतोड झाली. ती रोखण्यास पहारा हवाच. पण पहारेकऱ्याहून अधिक जागता तोच, ज्याची चूल त्या झाडावर पेटते. त्याचा हक्क निर्विवाद करणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ते आपल्यावरील जुन्या ऋणाची फेड होय.