बोलून लिहिण्याची किंमत: नऊ हजार डॉलर ते शून्य रुपये

पीएचडीला नव्याने लागलेले ज्युनिअर्स हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "बोललेलं टाइप करून देणारं एखादं स्वस्त सॉफ्टवेअर सांगा ना." कुणाला मुलाखती कागदावर उतरवायच्या असतात, कुणाला पेपर वाचता वाचता नोट्स काढायच्या असतात, कुणाचे हात टायपिंगने दुखायला लागलेले असतात. उत्तर एका ओळीत देता येतं: फुकटात भरपूर आहे. पण मी ते तसं देत नाही. ही गोष्ट फुकट कशी झाली हे माहीत नसेल, तर ती नेमकी कुठे दगा देते हेही कळत नाही. म्हणून आज थोडा इतिहास, आणि त्यातूनच निवडीचं बघू.

सुरुवात १९५२ पासून करू. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेव्हिस, बिडल्फ आणि बालाशेक या तिघांनी 'ऑड्री' नावाचं यंत्र बनवलं. ते इंग्रजीतले शून्य ते नऊ आकडे ओळखायचं, बस्स. तेही ज्याच्या आवाजाशी यंत्र जुळवून घेतलंय त्यानेच बोलायचं, आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबायचं. दहा वर्षांनी, १९६२ च्या सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने 'शूबॉक्स' मांडला. त्याला सोळा शब्द यायचे: दहा आकडे आणि बेरीज-वजाबाकीसारख्या सहा आज्ञा. दहा वर्षांत सहा शब्दांची प्रगती, असं एखादा खवचट माणूस म्हणाला असता.

तसा माणूस भेटलाच. जॉन पिअर्स हे बेल लॅब्जमधलंच मोठं नाव, 'ट्रान्झिस्टर' हा शब्द सुचवणारे तेच. १९६९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ध्वनिशास्त्राच्या मुख्य जर्नलला एक पत्र लिहिलं आणि या क्षेत्राची अक्षरशः साल काढली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माणूस ऐकतो तेव्हा तो नुसता ध्वनी ऐकत नाही, त्याला भाषा आणि विषय दोन्ही माहीत असतात. ती जाण यंत्रात येत नाही तोवर मोकळं बोलणं ओळखता येणार नाही, आणि सध्या चाललंय त्यात विज्ञानाच्या शिस्तीपेक्षा हौसच जास्त आहे. परिणाम असा झाला की बेल लॅब्जमधलं हे काम काही वर्षं थंडावलं. संशोधनाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र शोधून वाचावं. छोटंसं आहे, आणि 'आपला प्रयोग नेमकं काय सिद्ध करतोय?' हा प्रश्न इतक्या निर्दयपणे विचारलेला क्वचितच सापडेल.

पिअर्स बरोबर होते की चूक? गंमत अशी की दोन्ही. यंत्राला भाषा कळलीच नाही, आणि तरीही ते चालायला लागलं.

ते कसं, हे नीट समजून घ्या. १९७१ ते १९७६ या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा'ने बोलणं समजणाऱ्या यंत्रांसाठी पैसे दिले. कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी या कामाच्या केंद्रस्थानी होते. मूळचे आजच्या आंध्र प्रदेशातल्या कातूरचे, पुढे १९९४ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळवणारे. तिथल्या 'हार्पी' या प्रणालीने एक हजार अकरा शब्दांपर्यंत मजल मारली. त्याच विद्यापीठात जेम्स आणि जॅनेट बेकर हे जोडपं पीएचडी करत होतं. जेम्स बेकरनी या कामात मार्कोव्ह साखळीचं गणित आणलं. साधारण त्याच सुमारास आयबीएममध्ये फ्रेड येलिनेक आणि त्यांचे सहकारीही त्याच वाटेने निघाले होते. (स्वतः मार्कोव्हने १९१३ मध्ये हे गणित पुश्किनच्या काव्यातली वीस हजार अक्षरं मोजून दाखवलं होतं. स्वर किती, व्यंजनं किती, कशानंतर काय येतं. शुद्ध गणिताला कधी आणि कुठे फळ धरेल, सांगता येत नाही.)

कल्पना अशी: यंत्राने अर्थ समजून घ्यायचाच नाही. त्याने फक्त विचारायचं, हा ध्वनी कानावर आलाय, तर तो कोणत्या शब्दांमधून आला असण्याची शक्यता सर्वांत जास्त? त्यात दोन हिशोब एकत्र होतात. एक, अमुक शब्द उच्चारला तर असा आवाज येईल का. दोन, असे शब्द एकापाठोपाठ येतात का. 'दोन मण धान्य' आणि 'दोन मन धान्य' यांत कानाला फरक फारच थोडा. पण 'धान्य'च्या आधी 'मण' जास्त वेळा आलेलं असतं, म्हणून यंत्र 'मण'वर पैज लावतं. लक्षात घ्या, ही पैज आहे, समज नाही. जे जास्त वेळा पाहिलंय ते जिंकतं.

आता हे संशोधकाच्या बाजूने बघा. आपलं सगळं काम दुर्मिळ शब्दांत चालतं. रसायनशास्त्राचा विद्यार्थी 'द्रावण' म्हणतो, पण सर्वसामान्य मजकुरावर वाढलेल्या यंत्राच्या ओळखीचा असतो तो 'रावण'. कीटकाचं शास्त्रीय नाव, गावातल्या ओढ्याचं नाव, तुमच्या सरांचं आडनाव या सगळ्या ठिकाणी पैज तुमच्या विरुद्ध लागते. म्हणजे सॉफ्टवेअर जिथे सर्वांत जास्त चुकतं, तीच तुमच्या प्रबंधातली सर्वांत महत्त्वाची जागा असते.

बेकर दांपत्याने १९८२ मध्ये 'ड्रॅगन सिस्टिम्स' ही कंपनी काढली. १९९० मध्ये त्यांचं 'ड्रॅगनडिक्टेट' बाजारात आलं, किंमत सुमारे ९,००० डॉलर. ज्यांना हातांनी टाइप करणं शक्यच नव्हतं अशांसाठी ते वरदान ठरलं. पण प्रत्येक. शब्दानंतर. असं. थांबायचं. महाभारत सांगताना गणपतीने व्यासांना अट घातली होती की मध्ये थांबायचं नाही. इथे अट नेमकी उलटी. तासन् तास असं तोडून बोलल्यामुळे घसा आणि स्वरयंत्र बिघडल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. हात वाचवायला जावं तर गळा जायचा.

मग १९९७ च्या जूनमध्ये 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' आलं, ६९५ डॉलरला. सलग बोला, मिनिटाला शंभर शब्दांपर्यंत. त्याच वर्षी आयबीएमचं 'व्हायाव्हॉइस'ही आलं, आणि स्पर्धेने किमती धडाधड उतरल्या. किंमत पैशांत उतरली, तरी सुरुवातीला बराच वेळ यंत्राला वाचून दाखवावं लागायचं, म्हणजे ते तुमचा आवाज शिकायचं. ती आवाजाची फाइल त्या सॉफ्टवेअरपुरतीच उपयोगी.

पुढची कथा तर सिनेमासारखी आहे. २००० मध्ये बेकर दांपत्याने कंपनी बेल्जियमच्या 'लर्नाउट अँड हॉस्पी'ला विकली. किंमत सुमारे ५८ कोटी डॉलर, पण रोख नव्हे, शेअर्समध्ये. काही महिन्यांतच उघड झालं की घेणाऱ्या कंपनीने आपल्या विक्रीचे आकडे फुगवले होते. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि बेकर दांपत्याच्या हातात रद्दी उरली. तंत्रज्ञान मग 'स्कॅनसॉफ्ट'कडे गेलं, स्कॅनसॉफ्टने 'न्युआन्स' हे नाव घेतलं, आणि २०२२ मध्ये न्युआन्स मायक्रोसॉफ्टच्या पोटात गेली. मधल्या काळात, २०१८ मध्ये, मॅकसाठीचं ड्रॅगन बंदच करून टाकलं होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याला आपला आवाज आणि शब्दसंग्रह शिकवला होता, त्यांनी काय करायचं? पाच वर्षांच्या पीएचडीचा विचार करताना मला हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा वाटतो. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तुमचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणि मूळ ध्वनिमुद्रण तुमच्या डिस्कवर हवंच.

या सगळ्यात मराठी कुठे होती? बराच काळ कुठेच नाही. पुण्याच्या सी-डॅकने हिंदीसाठी 'श्रुतलेखन राजभाषा' तयार केलं, पण मराठी बोलणाऱ्याच्या हाती खरी सोय आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, गूगलच्या कीबोर्डमधून. आधी डीप लर्निंगने हे क्षेत्र ढवळून काढलं होतं. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठ, मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि आयबीएम अशा चार गटांनी मिळून लिहिलेला एक पेपर त्यातला मैलाचा दगड. मग मराठीसह आठ भारतीय भाषा एकदम आल्या. एक रुपया न देता माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं. नऊ हजार डॉलरचं शून्य झालं. फरक एवढाच, की आता आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागला.

याचा अर्थ काय, ते २०१९ मध्ये कळलं. बेल्जियमच्याच 'व्हीआरटी' या सार्वजनिक वाहिनीने दाखवून दिलं की गूगल असिस्टंटची काही ध्वनिमुद्रणं बाहेरची कंत्राटी माणसं ऐकत होती, आणि त्यात लोकांची खासगी बोलणी होती. अॅपललाही त्याच उन्हाळ्यात सिरीचं असंच काम थांबवावं लागलं. आता तुमचं संमतीपत्र काढून वाचा. 'ही मुलाखत फक्त संशोधक ऐकेल' असं त्यात लिहिलंय ना? मग एखाद्या आशाताईंनी किंवा एखाद्या शेतकऱ्याने तुमच्यावर विश्वास टाकून सांगितलेलं बोलणं कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. हे सोयीचं प्रकरण नाही, नैतिकतेचं आहे. नैतिकता समितीने विचारलं तर उत्तर तयार हवं.

सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने 'व्हिस्पर' खुलं केलं. ते स्वतःच्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालतं, म्हणून आपल्यासाठी महत्त्वाचं. ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकलंय. ऐकून छाती दडपते, नाही? पण पेपरच्या परिशिष्टातला तक्ता बघा. त्यातले साधारण दोन तृतीयांश तास इंग्रजीचे. हिंदी बोलणं आणि त्याचा हिंदीतलाच मजकूर, असे जेमतेम डझनभर तास. मराठीचा तर एक तासही भरत नाही. एखाद्या व्याख्यानाएवढी मराठी! एनपीटीईएलची इंग्रजी व्याख्यानं ते छान उतरवतं आणि मराठी मुलाखतीत अडखळतं, त्याचं कारण हे. परिशिष्ट वाचायची सवय लावून घ्या, खरी माहिती बऱ्याचदा तिथेच असते.

व्हिस्परची दुसरी खोड जास्त धोकादायक आहे. जुनं ड्रॅगन चुकायचं तेव्हा वाक्य हास्यास्पद दिसायचं, चूक लगेच डोळ्यात भरायची. व्हिस्पर कधी कधी कुणी न बोललेलं वाक्यच अगदी शुद्ध भाषेत लिहून टाकतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिखंडांत असा बनावट मजकूर सापडला, आणि मेंदूविकारामुळे अडखळत, थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत तो जास्त होता. शांतता आली की यंत्र पैज लावून ती भरून काढतं. एक टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. पण मुलाखतीत माणूस कुठे थांबतो? अवघड प्रश्नावर. त्या शांततेच्या जागी यंत्राने एक नीटनेटकं वाक्य बसवलं आणि तुम्ही ते प्रबंधात उद्धृत केलंत, तर?

मराठीची उणीव भरून काढायचं काम इथेच चालू आहे. आयआयटी मद्रासच्या 'एआयफोरभारत' गटाने आकाशवाणीच्या बातमीपत्रांचे आवाज आणि त्यांचा लिखित मजकूर जुळवून 'श्रुतिलिपी' हा संच केला: बारा भाषा, सहा हजारांहून जास्त तास, त्यात मराठीही. मला ही कल्पना फार आवडते. पण बातम्या देणारा निवेदक आणि बांधावर बोलणारा माणूस यांची मराठी एक नव्हे. म्हणून पुढे 'इंडिकव्हॉइसेस' आला. २०२४ च्या पेपरमध्ये बावीस भाषा, १४५ जिल्हे, १६,२३७ माणसं आणि ७,३४८ तास अशी नोंद आहे. आज तुम्हाला जे फुकट मिळतं, त्यामागे या हजारो लोकांचा आवाज आहे. अशा सामग्रीवर शिकवलेली मॉडेल्सही खुली आहेत. थोडं पायथॉन येत असेल तर स्वतःच्या संगणकावर चालवता येतात.

तर निवड. आधी दोन कामं वेगळी करा. स्वतः बोलून नोट्स काढायच्या असतील तर फोनचा कीबोर्ड किंवा गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग पुरेसं आहे. चूक समोर दिसते, तिथल्या तिथे दुरुस्त होते, आणि आवाज तुमचाच असतो. यासाठी पैसे घालवू नका. दुसऱ्याची मुलाखत उतरवायची असेल तर संगणकावरच चालणारं काहीतरी घ्या. व्हिस्परची लहान मॉडेल्स साध्या लॅपटॉपवरही चालतात, पण मराठीसाठी ती कामाची नाहीत. मोठ्या मॉडेलला साधारण दहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणून विभागातल्या संगणकाची वेळ मागून घ्या.

जाहिरातीतल्या अचूकतेच्या टक्क्यांवर जाऊ नका. तो हिशोब बहुधा शब्दागणिक होतो, आणि मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'घरासमोरच्यांनाही' या एका शब्दात एक वेलांटी चुकली तरी अख्खा शब्द चूक धरला जातो. उलट 'नाही' हा एकच शब्द गळला तर टक्केवारी जवळपास तीच राहते आणि अर्थ मात्र उलटा होतो.

त्यापेक्षा स्वतःची चाचणी घ्या. तुमच्याच क्षेत्रकार्यातली पाच मिनिटं निवडा, ज्यात पंख्याचा आवाज आहे, दोघं एकदम बोलताहेत, कुणीतरी बराच वेळ गप्प आहे. तुमच्या विषयातल्या वीस शब्दांची यादी करा आणि त्यातले किती बरोबर उतरले ते मोजा. गप्प जागांसमोर यंत्राने काही लिहिलंय का ते बघा. मग घड्याळ लावून तो मजकूर मूळ आवाजाशी ताडून दुरुस्त करा. हाताने उतरवायला एका तासाच्या मुलाखतीला साधारण चार ते सहा तास लागतात, म्हणजे पाच मिनिटांना वीस ते तीस मिनिटं. दुरुस्तीला त्याहून जास्त वेळ लागला, तर ते सॉफ्टवेअर फुकट असूनही तुम्हाला महाग पडतंय. हेडफोन लावा आणि टायपिंगला बसा.