नाचणाऱ्यांनी घडवलेलं संगीत

नव्वदच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे चाहते एक दावा हमखास करतात: त्या दहा वर्षांत संगीताच्या जितक्या नव्या तऱ्हा निघाल्या तितक्या त्याआधीही निघाल्या नाहीत आणि नंतरही नाहीत. दाव्यातला उत्साह वजा केला तरी बरंच काही शिल्लक राहतं. शिकागोचं हाऊस आणि डेट्रॉइटचं टेक्नो १९८८च्या सुमारास ब्रिटनभर पसरलं आणि पुढच्या सहा-सात वर्षांत त्याला हार्डकोअर, जंगल, ड्रम अँड बेस, ट्रान्स असे एकामागून एक फाटे फुटले. लंडनमधली १९९१ची एखादी रेकॉर्ड आणि १९९५ची एखादी रेकॉर्ड लागोपाठ ऐकली, तर ती एकाच शहरात, पुष्कळदा त्याच माणसांनी केलेली आहे हे सांगूनही पटत नाही. मग हे घडवलं कोणी? रूढ उत्तरं दोन. कोणी म्हणतं, स्वस्त झालेल्या यंत्रांनी. कोणी म्हणतं, मोजक्या प्रतिभावंतांनी. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. या संगीतातली नवनिर्मिती मुख्यतः नाचायला जमणाऱ्या चोखंदळ गर्दीने करवून घेतली. चाहते आज ज्याचं कौतुक करतात, त्यात कर्तेपणाचा मोठा वाटा त्यांच्यासारख्याच चाहत्यांचा आहे.

यंत्राचा मुद्दा आधी निकालात काढता येतो, आणि त्यासाठीचा पुरावा आपल्या मुंबईत आहे. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१मध्ये टीबी-३०३ नावाची एक चंदेरी पेटी बाजारात आणली. बेस वाजवणारा साथीदार नसलेल्या गिटारवाल्याला घरी रियाजाला साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. तिचा आवाज खऱ्या बेसच्या जवळपासही जात नव्हता. सुमारे दहा हजार पेट्या काढून कंपनीने १९८४मध्ये हात टेकले. मात्र स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय त्या पेटीत होती, आणि मींड कानात मुरलेल्या माणसाला ती नेमकी दिसली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२मध्ये हीच पेटी, तिच्या जोडीला रोलंडचंच टीआर-८०८ तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन भैरव, ललित, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. एका डच संग्राहकाने ती २०१०मध्ये पुन्हा बाजारात आणली तेव्हा ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोत पाच वर्षांनी जन्मलेल्या अ‍ॅसिड हाऊसशी तिचं साम्य कानात भरण्यासारखं होतं. त्यावरून काहींनी अ‍ॅसिड हाऊसचा जन्म मुंबईत झाला असं लिहून टाकलं. ते उतावीळपणाचं आहे, कारण शिकागोच्या पोरांच्या कानावर ही रेकॉर्ड पडली होती याचा काडीचा पुरावा नाही. मला त्यातून दिसतं ते वेगळंच. यंत्र तेच होतं, वाजवणाऱ्याचा हात तर अधिक तयार होता, तरी एका रेकॉर्डपुढे काही घडलं नाही. आठवड्यामागून आठवडे तीच माणसं नाचायला येतील आणि काय चाललं, काय पडलं हे पायांनी सांगतील, अशी जागा त्या रेकॉर्डच्या वाट्याला आली नाही.

शिकागोत अशी जागा होती. फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने जुन्या बाजारातून आणलेल्या टीबी-३०३ची बटणं चालू आवाजात पिळून एक लांबलचक फीत तयार केली आणि म्युझिक बॉक्स या क्लबात वाजवणाऱ्या रॉन हार्डीच्या हाती दिली. त्रिकुटातल्या डीजे पिअरने पुढे सांगितलेली हकीकत अशी: पहिल्यांदा वाजली तेव्हा नाचणारे बाजूला झाले. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग आणखी एकदा. चौथ्या वेळी लोक बेभान झाले. अशा हकीकती सांगता सांगता फुगतात हे मान्य. पण नावाची गोष्ट बोलकी आहे. निर्मात्यांनी त्या फितीला दिलेलं नाव निराळंच होतं. क्लबात येणारे तिला ‘हार्डीचं अ‍ॅसिड’ म्हणू लागले, आणि १९८७मध्ये रेकॉर्ड निघाली ती ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ याच नावाने. एका सबंध प्रकाराचं बारसं श्रोत्यांनी केलं.

लंडनमध्ये हीच देवघेव आणखी घट्ट झाली, आणि तिथे ती जवळून पाहण्यासारखी आहे. विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९मधल्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचं वाद्यगीत आहे. त्याच्या मध्यावर बाकी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार आवर्तनं एकटा ड्रम वाजवतो, सुमारे सात सेकंद. जंगलचे निर्माते हा तुकडा अकाई कंपनीच्या सॅम्पलरमध्ये घेत, त्यातला प्रत्येक ठोका सुटा करून एकेका पट्टीवर बसवत, आणि मग अटारी संगणकावर त्या सुट्या ठोक्यांची नवी बांधणी करत. मिनिटाला एकशे छत्तीस ठोक्यांच्या आसपास असलेली मूळ लय एकशेसाठच्या पुढे गेली. स्नेअर ड्रमचा ठोका अपेक्षित जागेवर न पडता अर्धी मात्रा आधी किंवा नंतर पडू लागला. आवाज ताणला की यंत्राला तो झेपायचा नाही, आणि त्याला पत्रा खरवडल्यासारखी किरकिर यायची. तीसुद्धा लोकांना आवडू लागली तशी मुद्दाम वापरात आली. खाली रेगेचा बेस निम्म्या लयीत संथ चाले, म्हणजे नाचणाऱ्याने दुडकं धावावं की डुलावं हे त्याच्यावर सोडलेलं.

हे सगळं घरी बसून सुचलं असेल, पण टिकलं ते तपासणीत. नवं काही तयार झालं की निर्माता फीत घेऊन उत्तर लंडनमधल्या म्युझिक हाऊससारख्या ठिकाणी जायचा. मुळात रेगेवाल्यांची ही जागा. तिथे धातूच्या चकतीवर लाखेसारखा थर दिलेली डबप्लेट कोरून मिळे. काही डझन वेळा वाजवली की ती झिजून निकामी होई. शनिवारी एखादा डीजे ती वाजवायचा. गर्दीला पसंत पडली की शिट्ट्या, भोंगे, भिंतीवर थापा, आणि डीजे रेकॉर्ड मागे ओढून पहिल्यापासून लावायचा. ही रीत जमैकाच्या साऊंड सिस्टीमवाल्यांची. संगीत नाटकांच्या बहरात ‘वन्स मोअर’ जे काम करत असे तेच काम हा रिवाइंड करायचा, फरक इतकाच की रंगमंचावरचा नट नव्या ताना घेई, इथे रेकॉर्ड तीच राही आणि ताना पुढच्या आठवड्याच्या रेकॉर्डमध्ये येत. निर्माता गर्दीतच उभा असायचा. कोणत्या जागेला ओरड झाली हे त्याला दिसायचं. जे पडलं ते दुकानापर्यंत पोचतच नसे. रेव्ह म्हणजे रात्रभराच्या नाचाच्या मोठ्या मेळाव्यांची ध्वनिमुद्रणं कॅसेटच्या जाड संचांतून विकली जात, बेकायदा रेडिओ केंद्रांना ऐकणारे फोन करत, आणि बाजारात न आलेल्या डबप्लेटचीही चाहत्यांना नुसत्या सुरुवातीवरून ओळख पटत असे. असा कान समोर असला की मागच्या महिन्याची युक्ती पुन्हा खपवता येत नाही.

मग गोल्डी, फोर हिरो, अ गाय कॉल्ड जेराल्ड या नावाजलेल्या निर्मात्यांचं काय? त्यांची प्रतिभा नाकारण्याचं कारण नाही. गोल्डीच्या १९९२च्या ‘टर्मिनेटर’मध्ये ड्रमचा स्वर चढत जातो आणि लय मात्र जागची हलत नाही, त्या वर्षी हे ऐकून भल्याभल्यांचा गोंधळ उडाला. १९९५च्या त्याच्या ‘टाइमलेस’चं शीर्षकगीत एकवीस मिनिटांचं आहे. परंतु गोल्डी या दुनियेत शिरला तो नाचणारा म्हणून. हेव्हन या क्लबात फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर यांच्या ‘रेज’ या रात्रींना तो जायचा, आणि ते दोघे रेकॉर्डी मूळ वेगापेक्षा चढवून, तुटक ठेक्याच्या बाजू शोधून वाजवायचे, कारण समोरची गर्दी त्यालाच उसळायची. प्रतिभा व्यक्तीची असते हे खरं, पण ती कोणत्या प्रश्नावर खर्च करायची हे तिथल्या नाचाच्या फरशीवर ठरत होतं.

यापेक्षा वजनदार आक्षेप अमली पदार्थांचा आहे. गर्दीला कसली आलीय पारख, एक्स्टसीची गोळी घेतली की काहीही गोड लागतं, असं तेव्हाचे ब्रिटिश अग्रलेख म्हणत. गोळ्या होत्या, आणि त्यांनी माणसं मेली, हे झाकण्यात अर्थ नाही. रात्रभर नाचण्याची ताकद कुठून आली याचं उत्तर त्या गोळीत आहे, पण संगीत वेगवेगळं का झालं याचं नाही. तीच गोळी रॉटरडॅममध्ये होती आणि लंडनमध्येही. रॉटरडॅमने त्यातून गॅबर काढलं, सरळ, कडक, घणाचे घाव घातल्यासारखं. लंडनने जंगल काढलं, मोडक्या लयीचं आणि खोल बेसचं. फरक पडला तो लंडनच्या गर्दीत कॅरिबियन घरांतली मुलं होती म्हणून. थोरल्यांच्या साऊंड सिस्टीमवर त्यांचा कान तयार झाला होता.

हे संगीत एकसुरी आहे असाही आरोप होतो, आणि त्याला तर ब्रिटिश संसदेनेच कायद्याचं रूप दिलं. मे १९९२मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंची विनापरवाना जत्रा आठवडाभर चालली, आणि १९९४च्या फौजदारी न्याय कायद्यात अशा मेळाव्यांवर बंदी आणताना संगीताची व्याख्या एकापाठोपाठ येणाऱ्या, पुनरावृत्त ठोक्यांवरून केली गेली. त्यावर ऑटेकर या जोडीने ‘अँटी’ नावाची रेकॉर्ड काढली. तिच्यातल्या ‘फ्लटर’मध्ये कोणतीही दोन आवर्तनं सारखी नाहीत, आणि वेष्टनावर डीजेंना सल्ला होता की पोलीस आलेच तर जवळ एक वकील आणि एक संगीतज्ञ असू द्या. विनोद झकास आहे, पण मुद्द्याचं उत्तर त्यात नाही. पुनरावृत्ती हा या संगीताचा पायाच आहे, आणि ठेका धरून ठेवणाऱ्या तबल्याला आपण कधी एकसुरी म्हणत नाही. ठेका स्थिर असतो म्हणून त्यावरचा बारीक बदल ऐकू येतो.

दुसऱ्यांच्या रेकॉर्डींतले तुकडे उचलणं ही चोरीच, या आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो. कोलमनची ती सात सेकंदं हजारो रेकॉर्डींत वापरली गेली आणि त्याला एक छदाम मिळाला नाही. तो २००६मध्ये वारला, बेघर अवस्थेत. विन्स्टन्सचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी २०१५मध्ये चाहत्यांनी सुमारे २४ हजार पौंड वर्गणी काढून दिले. ती कृतज्ञता खरी, पण हिशेब त्याने पुरा होत नाही. सामूहिक निर्मितीचं हेच दुखणं आहे. श्रेय सगळ्यांत वाटलं जातं तेव्हा पैसा कोणाकडे गेला हे विचारायचं राहून जातं.

गर्दी म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न गोव्यात आणखी टोचतो. हणजूणच्या किनाऱ्यावर उन्हाने रेकॉर्डी वाकत, म्हणून डीजे डॅट या डिजिटल फिती वापरत. फितीचा वेग कमी-जास्त करून दोन ठेके जुळवणं जमण्यासारखं नव्हतं, त्यामुळे दोन गाण्यांचे सांधे ठेक्याविना तरंगत ठेवावे लागत. लंडनमधल्या ड्रॅगनफ्लायसारख्या लेबलांवरच्या गोवा ट्रान्सला लांब, बिनतालाची सुरुवात आणि शेवट असतो, तो पुष्कळसा या गैरसोयीतून आणि पहाटेपर्यंत नाचणाऱ्यांच्या गरजेतून आला. इथेही जागेने आणि नाचणाऱ्यांनी रूप ठरवलं, हे माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. मात्र ते नाचणारे बहुतेक परदेशी होते. गावच्या बायका कडेला चटया अंथरून चहा विकत, आणि त्यांना काय आवडतं हे कोणी विचारत नव्हतं. म्हणून त्या संगीताला गोव्याचं नाव मिळालं, सूर मिळाला नाही. लंडनमध्ये याच्या उलट घडलं: तबलावादक तालविन सिंगने १९९५मध्ये ब्लू नोट क्लबात ‘अनोखा’ या नाचाच्या रात्री सुरू केल्या तेव्हा दक्षिण आशियाई घरांतली मुलं स्वतः फरशीवर होती, आणि त्यांच्या समोर तबला ड्रम अँड बेसमध्ये मिसळला.

आता उरतो स्मरणरंजनाचा संशय. प्रत्येक पिढीला आपल्या विशीतलं संगीत थोर वाटतं, त्यातलाच हा प्रकार नाही ना? असता, तर चाहत्यांनी सबंध दशक सारखंच डोक्यावर घेतलं असतं. जाणकार चाहते तसं करत नाहीत. १९९७-९८नंतरच्या ट्रान्सबद्दल आणि अवाढव्य सुपरक्लबांबद्दल ते हात राखूनच बोलतात. गर्दी हजारोंची झाली, डीजे उंच मंचावर गेला, आणि दाद सरसकट मिळू लागली. काय पडलं हे मग कळेनासं झालं, आणि एकच साचा वर्षानुवर्षं चालला. म्हणजे गर्दीनेच संगीत साचेबंदही केलं, आणि तेही माझ्या मुद्द्यात बसतं. छोटी, चोखंदळ गर्दी पुन्हा जमली तेव्हा मात्र नवं पुन्हा निघालं: लंडनमध्ये २००१मध्ये ‘फॉरवर्ड’ नावाच्या रात्री सुरू झाल्या आणि पुढे प्लास्टिक पीपल या जेमतेम दोनशे माणसांच्या तळघरात भरू लागल्या. सुरुवातीला येणाऱ्यांत बरेचसे स्वतःच संगीत करणारे होते. क्रॉयडनच्या पोरांनी घरच्या संगणकांवर केलेले तुकडे दक्षिण लंडनमधल्या ट्रान्झिशन स्टुडिओत पुन्हा त्याच झिजणाऱ्या चकत्यांवर कोरले जाऊ लागले, तिथे वाजू लागले, ओरड झाली की मागे ओढले जाऊ लागले, आणि चार-पाच वर्षांत डबस्टेप तयार झालं.