‘स्टँडर्ड’ म्हणून वापरलं जाणारं सिलिमरिन आलं कुठून?

यकृत-संरक्षक वनस्पतींवरचा कुठलाही भारतीय शोधनिबंध उघडा. उंदरांचे पाच-सहा गट असतात, आणि एका गटापुढे लिहिलेलं असतं: सिलिमरिन, स्टँडर्ड. पेट-नेटची तयारी करताना आपण ते पाठ करतो, पण त्याला हा मान कसा मिळाला हे सहसा कोणी सांगत नाही.

मिल्क थिसल हे भूमध्य समुद्राकाठचं काटेरी झाड, आपल्या उटकटाऱ्याच्याच कुळातलं. एकोणिसाव्या शतकात राडेमाखर नावाचे जर्मन डॉक्टर याच्या बियांचा अर्क यकृताच्या रोग्यांना देत. त्यातलं नेमकं काय काम करतं, हे मात्र 1960 च्या दशकात म्युनिकमध्ये हिल्डेबर्ट वाग्नर यांच्या गटाने शोधलं. सिलिमरिन हा एकच रेणू नाही, हे लक्षात ठेवा (मुलाखतीत हमखास विचारतात). ते फ्लेवोनोलिग्नान्सचं मिश्रण आहे आणि त्यात मुख्य सिलिबिनिन.

खरं नाव झालं ते विषारी अळंबीमुळे. अमॅनिटा फॅलॉइडिसमधलं अमॅनिटिन यकृतपेशीत शिरून आरएनए पॉलिमरेज-2 बंद पाडतं. सिलिबिनिन त्या विषाला पेशीत शिरूच देत नाही. म्हणजे इथे संरक्षण हा शब्द अगदी शब्दशः खरा आहे, आणि युरोपात सिलिबिनिन शिरेतून देतात ते याचसाठी.

पण उंदरांच्या प्रयोगात विष असतं कार्बन टेट्राक्लोराइड. ते स्वतः फारसं घातक नसतं. यकृतातलं सीवायपी2ई1 हे एन्झाइम त्याचा मुक्त मूलक बनवतं, तेव्हा नुकसान होतं. आता समजा तुमच्या अर्काने ते एन्झाइमच दाबलं, तर एएलटी कमी दिसणारच! यकृत वाचलं खरं, पण विष तयारच झालं नाही म्हणून. त्यात अर्क बहुतेक वेळा विषाच्या आधी देतात. माझ्या मते या क्षेत्रातली ही सगळ्यात दुर्लक्षित अडचण आहे, कारण रुग्ण येतो तो यकृत बिघडल्यानंतर.

माणसांवरचे निकाल म्हणूनच गोंधळाचे आहेत. 1989 साली व्हिएन्नाच्या फेरेन्सी यांनी सिरॉसिसच्या 170 रुग्णांवर चाचणी केली. चार वर्षांनी सिलिमरिन गटात 58 टक्के रुग्ण जिवंत होते, प्लासिबो गटात 39 टक्के. 1998 मध्ये स्पेनमध्ये मद्यजन्य सिरॉसिसच्या 200 रुग्णांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा जगण्याच्या प्रमाणात फरकच दिसला नाही. 2012 मध्ये अमेरिकेत हेपटायटिस-सीच्या 154 रुग्णांपैकी काहींना 700 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं, तरी एएलटी प्लासिबोपेक्षा खाली आलं नाही.