सूर्याला वेसण

इ. स. १९५५ च्या ऑगस्ट महिन्यात जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी जागतिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी आपले डॉ. होमी भाभा होते. अणुकेंद्रांच्या मीलनातून निघणारी शक्ती २० वर्षांच्या आत माणसाच्या काबूत येईल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. ते खरे ठरले नाही. पण म्हणून त्याला हसण्यापेक्षा, अडचण कोठे आली हे पाहणे आम्हांस अधिक उचित वाटते.

मीलनासाठी हायड्रोजन सुमारे १० कोटी अंश तापवावा लागतो. त्या उष्णतेत उरतो तो सुट्या विद्युत्भारित कणांचा लोळ, म्हणजे प्लाझ्मा. त्याला कोणतेही भांडे धरू शकत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र धरू शकते. प्लाझ्मातून वीजप्रवाह सोडला, की प्रवाहाचेच क्षेत्र त्याला आवळते. युक्ती नामी खरी; पण ही नळी किंचित वाकली, की वाकाच्या आतल्या अंगाला चुंबकरेषा दाटतात, त्यांचा दाब वाढतो आणि वाक आणखी वाढतो. क्रुस्कल व श्वार्ट्सशिल्ड यांनी १९५४ साली हे गणिताने दाखवले होते.

नळीच्या लांबीच्या दिशेने दुसरे क्षेत्र घालून तिला ताठ ठेवावे, हा त्यावरचा उपाय. इंग्लंडात हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्रात तो केला होता. १९५८ च्या जानेवारीत तेथे न्यूट्रॉन दिसल्याचे जाहीर झाले. ते मीलनाचेच असल्याची ९० टक्के खात्री सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी बोलून दाखवली. वृत्तपत्रांनी जयघोष केला. मे महिन्यात हार्वेललाच सांगावे लागले, की ते न्यूट्रॉन उष्णतेचे नव्हेत. अस्थिरतेने काही मोजके कण वेगाने फेकले गेले, त्यांची ती करामत होती.

पुढे मॉस्कोच्या ‘टोकामाक’ यंत्रात हेच लांबीचे क्षेत्र कितीतरी प्रबल ठेवले गेले. १९६८ साली आर्त्सिमोविच यांनी सुमारे १ कोटी अंशांचा दावा केला. पश्चिमेला विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी प्रतिपक्षालाच मोजणीस बोलावले! शीतयुद्धाच्या त्या दिवसांत इंग्लंडातील कल्हमचे शास्त्रज्ञ आपले लेसर उपकरण घेऊन मॉस्कोला गेले आणि १९६९ मध्ये दावा खरा असल्याचे त्यांनीच जगाला सांगितले. त्यानंतर देशोदेशी टोकामाक उभे राहिले. आपल्या गांधीनगरजवळचा ‘आदित्य’ १९८९ चा.

वेसण अद्याप पुरती बसलेली नाही. २०२३ साली इंग्लंडातील ‘जेट’ने ६९ मेगाज्यूल शक्ती दिली, ती प्लाझ्मा तापवण्यास लागलेल्या शक्तीहून कमीच होती. तथापि जी मजल मारली गेली, ती जयघोषाने नव्हे, तर आपला दावा परक्याच्या मापाला लावण्याच्या धैर्याने, असे आम्हांस वाटते.