मी अलिबागहून आलो

कुत्र्यानं माणसाला ओढत न्यावं, हे दृश्य आम्हा पुणेकरांना नवीन नाही. सकाळी सहा वाजता कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभे राहा. ज्यांच्यापुढे पंचवीस वर्षं अख्खी कचेरी चळचळा कापली असे कुणी निवृत्त साहेब आपल्या अल्सेशियनच्या मागे, मफलर सावरत, खांबाखांबाला थांबे घेत फरफटत चाललेले दिसतील. याला आपल्याकडे ‘कुत्र्याला फिरवून आणणं’ म्हणतात. नॉर्वेत, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर साडेतीनशे किलोमीटरांवर ट्रॉम्सो नावाचं गाव आहे. तिथं याच प्रकाराचे रोख पैसे पडतात.

ही कल्पना अर्थातच माझी नव्हे. माझी भाची ऑस्लोला असते. तिनं फोनवर कार्यक्रम वाचून दाखवला. “मामा, संध्याकाळी बस. मग कुत्र्यांची गाडी. मग तंबूत गरम जेवण. आणि नशिबात असेल तर नॉर्दर्न लाइट्स!” यातलं ‘नशिबात असेल तर’ एवढं छापील पत्रकात फार बारीक टायपात होतं. पैशाचा आकडा मात्र ठळक.

तिथं सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस जो बुडतो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवत नाही. अशा काळोखात आम्हांला गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या वाडीवर उतरवलं आणि अंगावर चढवायला एकेक अखंड पोशाख दिला. तो घातल्यावर मी आणि आमची ही, कापूसवाल्याकडून पळालेल्या दोन गाद्यांसारखे दिसू लागलो. “निदान फोटो तरी काढू नका,” ही म्हणाली. भाचीनं तोवर चार काढले होते.

कुत्री पाहून मात्र माझी निराशा झाली. कॅलेंडरवरची निळ्या डोळ्यांची, झुबकेदार हस्की मनात धरून आलो होतो. समोर उभी होती काटक, लांब पायांची, कुणाचा कान एका रंगाचा तर शेपूट दुसऱ्या, अशी. सदाशिव पेठेतल्या बोळातून थेट आल्यासारखी! आमची वाटाडी एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, ही अलास्कन हस्की. हिची ना वंशावळ बघतात ना रंग. बघतात ते फक्त काम. ऐकून मला बरं वाटलं. आमच्या कचेरीत नेमकं उलट होतं.

गाडीला जुंपताना या मंडळींनी जो गोंगाट मांडला, तो पंगतीला उशीर झालेल्या वऱ्हाडानंच मांडावा. भुंकणं, रडणं, उड्या, एकमेकांच्या अंगावर जाणं. मुलीनं नियम एकच सांगितला: काहीही झालं तरी मागची दांडी सोडायची नाही, कारण तुम्ही पडलात तरी कुत्री थांबत नाहीत. मी गाडीत बसलो, जावई मागे उभा राहिला. बर्फात रुतवलेला लोखंडी आकडा निघाला, नि त्या क्षणी सगळा गोंगाट बंद! सहा कुत्री, एक शब्द नाही. फक्त पायांचा आवाज, धापा आणि गाडीखाली करकरणारा बर्फ. इतका वेळ ज्याची मागणी चालली होती ते मिळालं, आता बोलायचं काय?

पुढे तंबूत शेकोटीभोवती माशाचं सार पीत असताना मुलीनं सेप्पालाचं नाव काढलं, आणि माझे कान टवकारले. लेओनहार्ड सेप्पाला इथलाच. १८७७ साली याच ट्रॉम्स प्रांतात जन्मला, १९००मध्ये सोनं शोधायला अलास्काला गेला. सोन्याचं राहिलं बाजूला आणि माणूस कुत्र्यांच्या गाड्या हाकण्यात पहिल्या नंबरचा ठरला. १९२५च्या जानेवारीत अलास्काच्या नोम गावात घटसर्पाची साथ सुरू झाली. घटसर्प म्हणजे काय ते आमच्या आधीच्या पिढीला सांगावं लागत नसे. घशात पडदा धरायचा आणि पोर गुदमरून जायचं. गावात डॉक्टर एक, कर्टिस वेल्च. त्यांच्याकडचं प्रतिविष जुनं, मुदत संपलेलं. मुलं दगावू लागली. बंदर गोठलेलं. विमानं होती, पण उघड्या बैठकीची आणि हिवाळ्यापुरती सुटी करून ठेवलेली. प्रतिविष रेल्वेनं नेनानापर्यंत आलं. पुढे १,०८५ किलोमीटर फक्त बर्फ.

वीस माणसं आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी ते अंतर साडेपाच दिवसांत काटलं. उणे चाळीसच्याही खालची थंडी, आणि हातोहात चाललेलं ते गाठोडं. यातला सर्वांत लांब आणि सर्वांत वाईट टप्पा सेप्पालाचा. गोठलेल्या समुद्राच्या खाडीवरून, अंधारात, वादळात. पुढे होता टोगो. वय वर्षं बारा, म्हणजे कुत्र्याच्या हिशेबानं पेन्शनीत निघालेला. (नाव जपानी आरमाराच्या विजयी अॅडमिरलचं, अंगकाठी मात्र लहानशी.) प्रतिविष आणायला समोर जाणं आणि ते घेऊन परत येणं मिळून या जोडीनं सव्वाचारशे किलोमीटर तुडवले.

शेवटचा पंच्याऐंशी किलोमीटरांचा टप्पा गुन्नार कासेन या दुसऱ्या नॉर्वेजियनाकडे होता आणि त्याच्या गाडीपुढे बाल्टो. २ फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला बाल्टो नोममध्ये शिरला. वर्तमानपत्रांना शिरणारा कुत्रा दिसला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला! गंमत म्हणजे बाल्टोसुद्धा सेप्पालाच्याच वाडीवरचा. मालकानं त्याला सामान वाहण्याच्या लायकीचा म्हणून मागे ठेवला होता. सेप्पालाला हे आयुष्यभर लागलं. ज्यानं रात्रंदिवस फाइल तयार केली तो वेगळा, आणि जो ती साहेबांच्या टेबलावर ठेवून आला त्याला बढती, हे ज्यानं पाहिलंय त्याला सेप्पालाचं दुःख अलास्काला न जाताही कळतं.

पण बाल्टोचाही हेवा करू नये. दोन वर्षांत तो लॉस एंजेलिसमधल्या एका फुटकळ तमाशात पैसे टाकून बघायची वस्तू झाला होता. १९२७ साली क्लीव्हलंडच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला नि त्याच्या सोबत्यांना सोडवलं. त्या वर्गणीत शाळकरी पोरांची नाणी होती. टोगोचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला, पण २००१ साली. शहात्तर वर्षं म्हणजे आपल्याकडच्या दिवाणी दाव्याच्या मानानं काही फार नव्हेत.

“बाहेर या!” मुलगी ओरडली.

बाहेर काहीही नव्हतं. डोंगरावर चुन्याच्या निवळीसारखा फिकट पट्टा. ढगच म्हणा ना. “यासाठी एवढे पैसे?” ही पुटपुटली. मुलगी मात्र फोनवरची एक रेघ बघत होती. ती रेघ चुंबकसुईची. रेघ एकदम कोसळू लागली की वर आकाशात काहीतरी घडणार, असं तिचं गणित. रेघ कोसळली. तो पट्टा हिरवा झाला, त्याला चुण्या पडल्या, खालच्या काठावर गुलाबी झाक आली आणि नाटकाचा पडदा वाऱ्यानं हलावा तसा अख्खा आकाशभर हलू लागला. आवाज काही नाही. आमची ही, जिनं मुंबई ते ट्रॉम्सो एकदाही बोलणं खंडित केलं नव्हतं, ती पाच मिनिटं गप्प उभी होती.

सूर्याकडून येणारे विद्युत्कण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोरीनं ध्रुवांकडे वळतात आणि शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर प्राणवायूला हिरवा पेटवतात, हे आज शाळेतलं पोर सांगेल. पण ते पहिल्यांदा जिद्दीनं म्हणणारा माणूस म्हणजे क्रिस्टियान बिर्केलँड. १८९९च्या हिवाळ्यात याच मुलखातल्या हाल्दे डोंगराच्या माथ्यावर दगडी खोली बांधून तो माणसं घेऊन राहिला. त्याच्या आधीच्या मोहिमेत वैद्यकी शिकणाऱ्या एका तरुणाची, ब्यॉर्न हेलँड-हान्सेनची, बहुतेक बोटं हिमदंशानं गेली. वैद्यकी सुटली, पुढे तो मोठा समुद्रशास्त्रज्ञ झाला, पण बोटं ती बोटं. आम्ही ज्या पडद्याचे फोटो काढत होतो, त्याचं तिकीट कुणीतरी आधी असं भरलेलं होतं.

बिर्केलँडनं निर्वात पेटीत चुंबक भरलेला पितळी गोळा टांगून त्याच्याभोवती छोटासा उत्तरप्रकाश पाडून दाखवला. मग पैसे कमी पडले म्हणून त्यानं विजेची तोफ काढली! १९०३ साली प्रतिष्ठितांसमोर प्रयोग ठेवला. तोफ उडण्याऐवजी वीज उडाली, धडाका झाला, प्रेक्षक पळाले. त्या ठिणगीतून हवेतला नायट्रोजन बांधायची युक्ती निघाली आणि सॅम आयडे या इंजिनिअराबरोबर त्यानं खताचा कारखाना काढला. आकाशातला दिवा, तोफ आणि शेतातलं खत, एकाच माणसाच्या डोक्यात! विद्वानांनी मात्र त्याचा मूळ सिद्धांत मानला नाही. नोबेलसाठी नाव कितीदा तरी सुचवलं गेलं, मिळालं नाही. १९१७ साली तोक्योच्या हॉटेलात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, झोपेचं औषध जास्त होऊन तो गेला. त्यानं सांगितलेले विद्युत्प्रवाह साठ-सत्तरच्या दशकांत उपग्रहांना प्रत्यक्ष सापडले. १९९४ साली नॉर्वेनं त्याला दोनशे क्रोनरच्या नोटेवर बसवलं, आणि २०१७ साली उतरवून तिथं कॉड मासा आणला. माशांबद्दल मला कोकणी आदर आहे, तरी हे काही मला रुचलं नाही.

“ही चुंबकसुई भारी आहे हं मामा,” जावई म्हणाला. “आपल्याकडे असं काही असतं का?”

आता मात्र मला राहवेना. कारण नोकरीनं पुणेकर असलो तरी मी मूळचा अलिबागचा. “मी काय अलिबागहून आलोय?” असं जो तो ज्याला त्याला विचारतो, त्या अलिबागचा! आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. लोखंडाची वस्तू घेऊन आत जायची सोय नाही. आधी ही वेधशाळा मुंबईत कोलाब्याला होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यानं आजवरचं एक जबरदस्त वादळ पाठवलं, तेव्हा तिथले निरीक्षक थोड्या थोड्या मिनिटांनी आकडे हातानं टिपत बसले होते. वादळ केवढं होतं हे मोजण्यासाठी २००३ साली शास्त्रज्ञांनी वह्या काढल्या त्या कोलाब्याच्या. आणि ४ फेब्रुवारी १८७२च्या रविवारी सूर्यास्तानंतर हा प्रकाश, मंद का होईना, खुद्द मुंबईतून दिसला होता.

“मुंबईतून?” ही एकदम बोलू लागली. “मग आपण इथवर कशाला आलो? चौपाटीवर बसलो असतो!”

“दीडशे वर्षं?”

“भेळ तरी मिळाली असती.”

कोलाब्याहून वेधशाळा हलली ती ट्रामपायी. घोड्यांच्या ट्रामचा सुईला उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामचा होणार होता. तेव्हाचे संचालक नानाभॉय आर्देशर फ्रामजी मूस, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी ट्रामशी भांडण काढलं नाही. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा बघितली, चुंबकत्व नसलेला दगड पारखून इमारत बांधली आणि १९०४ साली तिथं नोंदी सुरू केल्या. कोलाबा मात्र लगेच बंद केलं नाही. दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून बघता याव्यात, जुन्या वह्यांशी नव्या वह्यांचा धागा तुटू नये, म्हणून १९०६पर्यंत दोन्हीकडे सुया हलत ठेवल्या. मग विजेची ट्राम आली, १९०७ साली. १९६४ साली ती बंदही झाली. अलिबागची सुई अजून चालू आहे.