विल्यमसन कॅमेऱ्यापासून ग्राफिक्स कार्डापर्यंत

हैदराबादेतील नल्लकुंटा या वस्तीचे नाव तेलुगू आहे. नल्ल म्हणजे काळे व कुंट म्हणजे तळे. या काळ्या तळ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत एका मराठी स्नेह्यांच्या घरी गेल्या उन्हाळ्यात बसलो असता एक कौटुंबिक वाद ऐकण्याचा योग आला. त्यांचे चिरंजीव तेलुगू चित्रपटांतील दृश्यचमत्कारांचे काम करतात. नोकरी सोडून घरीच स्वतंत्र काम मांडावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. संगणक हवा, त्यात ग्राफिक्स कार्ड हवे. पण ते साधे घ्यावे की व्यावसायिक, येथे घोडे अडले होते. मातोश्री हातांतल्या पाटल्या गहाण ठेवावयास सिद्ध होत्या. वडिलांचे म्हणणे एवढेच, की आधी हिशेब दाखव.

प्रश्न वरकरणी आजचा दिसतो. परंतु मराठी माणसाच्या घरात तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकदा येऊन गेला आहे.

1912 साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि ते लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र व छपाईचे यंत्र यांची निवड केली. पण ही निवड केवळ जाहिरात वाचून झालेली नव्हती. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांचा सल्ला त्यांनी घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा घडतो ते डोळ्यांनी पाहिले, आणि मगच पैसा मोजला. छायाचित्रण व ठसे करण्याची कला त्यांना आधीच अवगत होती. परतल्यावर त्यांनी वाटाण्याचे रोप वाढतानाचे चित्र टिपून ते भांडवलदारांना दाखविले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात गेले. कच्च्या फितीला भोके पाडण्याचे कष्टाचे काम त्या स्वतः करीत. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. पुढे 'लंकादहन' (1917) व 'कालियामर्दन' (1919) यांतील चमत्कारांनी प्रेक्षक थक्क झाले.

अशा चमत्कारांच्या मुळाशी एक साधी युक्ती असते. पात्रामागे काळा पडदा लावावयाचा. काळा भाग फितीवर उमटत नाही, ती जागा कोरी राहते. मग फीत मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागेत दुसरे दृश्य टिपावयाचे. आज तोच काळा पडदा गणितात शिरला आहे. चित्रातील कोणता बिंदू किती झाकावा व किती पारदर्शक ठेवावा हे सांगणारा आकडा प्रत्येक बिंदूसोबत ठेवतात. त्यास 'अल्फा' म्हणतात. थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी 1984 साली चित्रे एकावर एक बसविण्याचे हे गणित लेखरूपाने मांडले.

हे गणित अवघड नाही, पण अफाट आहे. 4096 बाय 2160 बिंदूंच्या एका चौकटीत 88 लाख 47 हजारांवर बिंदू भरतात. प्रत्येक बिंदूस 8 बाइट धरले, तर एका चौकटीच्या एकाच थरास सुमारे 71 मेगाबाइट लागतात. सेकंदाला 24 चौकटी धरल्यास 1.7 गिगाबाइट. संगणकाचा मुख्य प्रक्रियक थोड्या हातांनी अवघड कामे करतो. ग्राफिक्स कार्ड हजारो हातांनी एकच सोपे काम एकदम उरकते. 2007 पासून 'कूडा' या प्रणालीमुळे हे हात चित्राखेरीज अन्य गणितासही सहज जुंपता येऊ लागले.

आता निवडीकडे वळू. एनव्हिडिया कंपनीने 2022 साली एकाच जातीच्या चिपवर दोन कार्डे काढली. 'आरटीएक्स 4090' हे खेळांसाठीचे : स्मृती 24 गिगाबाइट, वीज 450 वॅट. 'आरटीएक्स 6000 एडा' हे व्यावसायिक : स्मृती 48 गिगाबाइट, वीज 300 वॅट, आणि किंमत सुमारे चौपट. चौपट पैशांनी चौपट वेग मिळत नाही; मिळते ती दुप्पट स्मृती आणि व्यावसायिक प्रणालींवर तपासून घेतलेला चालक. कार्डावर अंतिम चित्र काढताना सारे दृश्य त्याच्या स्मृतीत मावले तर उत्तम. न मावल्यास काम रखडते किंवा बंद पडते. उलट, अंतिम चित्र मुख्य प्रक्रियकावरच काढावयाचे असेल, तर महागडे कार्ड बव्हंशी शोभेचेच ठरते.

हैदराबादेत हा विचार हौसेचा नाही. 'ईगा' (2012) मधील माशी आणि 'बाहुबली' (2015) मधील माहिष्मती या दोहोंस विशेष दृश्यपरिणामांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या नगरीत अनेक घरांची चूल या कलेवर पेटते. तेथे चुकीचे यंत्र म्हणजे चुकलेली मुदत व हातचे गेलेले गिऱ्हाईक.

फाळक्यांचे उदाहरण मी सांगितले तेव्हा मातोश्रींना सरस्वतीबाईंचे दागिने आठवले, तर वडिलांना लंडनमधील चौकशी. दोघांचेही खरेच होते. परंतु फाळक्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता, येथे होता. चिरंजीवांनी आपल्या कामातील सर्वांत जड दृश्य एका मित्राच्या यंत्रावर चालवून पाहिले. ते 24 गिगाबाइटांत मावले, वर थोडी जागाही उरली. त्यांनी स्वस्त कार्ड घेतले आणि वाचलेल्या पैशांतून भक्कम वीजपुरवठा, चांगला पंखा व कामाच्या प्रती ठेवण्याची सोय केली. नल्लकुंट्याच्या उन्हाळ्यात 450 वॅटची उष्णता खोलीत साठू देऊन चालत नाही.

पाटल्या हातांतच राहिल्या. मातोश्रींना त्याचे थोडे वाईटच वाटले असावे, अशी मला शंका आहे.